रंग चार आण्यांचा, घासणे बारा आण्यांचे

मालेगावात सूत आणि कोऱ्या कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत आमच्या एका सूतवाल्याने मला रोख कधी मागितली नव्हती. माल यायचा, महिना-दीड महिन्याने पैसे जायचे, दोघांचेही भागायचे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला. जरा अडखळत म्हणाला, "सेठ, या खेपेला निम्मे तरी रोख जमेल का?" मी कारण विचारले. बराच वेळ टाळाटाळ केल्यावर म्हणाला, "परवा मोसम पुलावर तुमची व्हॅन पाहिली. म्हटलं, सेठचं बरं चाललंय ना?"

वाचक बंधूंनो, धंदा मंदा होता हे खरे, पण बुडालेला नव्हता. बुडाली होती ती व्हॅन. २००६ सालची पांढरी मारुती ऑम्नी. इंजिन ठणठणीत, पण दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या, चाकांवरच्या कमानीला फोड आलेले, छपराच्या पन्हाळीतून तांबडे ओघळ उतरलेले, आणि बॉनेटवर मागे कधीतरी दिलेल्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. मी रोज त्याच गाडीत नमुन्याचे तागे घालून फिरत होतो आणि मला ते दिसत नव्हते. बाजाराला मात्र दिसत होते. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात माणसाची पत निम्मी वहीत असते आणि निम्मी अशी रस्त्यावर फिरत असते.

घरात बोलणे निघाले. मुलगा म्हणाला, "अब्बा, ही काढून टाका. हप्त्यावर दुसरी घेऊ." गॅरेजमध्ये विचारले तर डेंटिंग-पेंटिंगचे २८,००० रुपये सांगितले. एका ओळखीच्या दलालाने तिसरा रस्ता दाखवला: "पुट्टी भरा, वरून रंग मारा आणि एखाद्या खेड्यातल्या गिऱ्हाइकाला देऊन टाका." मंदीच्या दिवसांत नवा हप्ता गळ्यात बांधून घेण्याची माझी तयारी नव्हती. २८,००० रुपये त्या महिन्यात मागवाल्यांचे देणे होते. आणि दलालाचा सल्ला म्हणजे फाटका तागा घडीच्या आत घालून वरून चांगला पदर दाखवण्यासारखा होता. असे कापड मी कुणाला दिलेले नाही, तर पत्रा कसा देणार? म्हणून गाडी ठेवायची आणि रंग घरीच द्यायचा असे ठरले. त्या कामातून जे शिकलो ते आपल्यातल्या छोट्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारात अशीच एखादी जुनी व्हॅन किंवा टेम्पो उभा असतो.

पहिली गोष्ट. रंगाचा डबा आणण्याआधी गाडीचे नोंदणी पुस्तक उघडून पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांनी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी एकदम वाढली आहे. मुदत सहा महिन्यांवर आली असेल आणि गाडी तपासणीत टिकेल की नाही याची शंका असेल, तर रंगावर एक रुपयाही घालू नये. दुसरे, त्या पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. पांढऱ्या गाडीला पांढराच रंग दिला तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओकडे त्याची नोंद करून घ्यावी लागते. घरी काम करणाऱ्याने आहे तोच रंग ठेवावा, आणि तो साधा असावा. चमकीचा, म्हणजे मेटॅलिक रंग घरी देण्याच्या भानगडीत पडू नये. त्यातले चमकीचे कण सारखे बसत नाहीत आणि गाडी ढगाळ, डागाळ दिसते. त्या बाबतीत पांढरा रंग गरिबाचा मित्र आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमचे कोरे कापड रंगायला पाली-बालोतऱ्याकडे जाते. तिथे गेल्याबरोबर त्याला कोणी रंगाच्या कुंडात टाकत नाही. विणताना ताण्याला लावलेली खळ आधी काढतात, मग ते खारात उकळतात, धुतात, पांढरे करतात, आणि त्यानंतर रंग. खळ राहिली तर कितीही महागाचा रंग असो, कापडावर डाग पडतो. हे मला तीस वर्षे ठाऊक होते, आणि तरीही गाडीच्या बाबतीत मी नेमकी हीच चूक केली.

आदल्या वर्षी मी बॉनेट "थोडेसे नीट" करायला घेतले होते. दुकानातून लवकर वाळणारा एनसी रंग आणला. वरवर पुसले आणि हात मारला. अर्ध्या तासात बॉनेटला अशा सुरकुत्या पडल्या की जणू वाळत घातलेली ओली चादर. कारण नंतर कळले. एनसी रंगाचे थिनर जहाल असते. खाली साधा तेलकट सिंथेटिक इनॅमल असेल तर ते थिनर त्याला मऊ करून उचलते. इनॅमल जवळजवळ कशावरही बसतो, पण इनॅमलवर एनसी बसत नाही. एवढे एक वाक्य ठाऊक असते तर माझा डबा आणि रविवार वाचला असता.

या एनसी रंगाची एक हकिकत आपल्या धंद्याशी जोडलेली आहे. १९२० च्या आसपासपर्यंत मोटारींना बहुतेक ब्रशनेच रंग देत, आणि हातावर हात चढवून तो वाळेपर्यंत आठवडे जात. १९२३ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ड्यूपाँ कंपनीचा "ड्यूको" नावाचा रंग वापरायला सुरुवात केली. तो फवारून देता येई आणि झटपट वाळे. आपल्याकडचे जुने रंगारी अजूनही अशा रंगाला ड्यूकोच म्हणतात. त्याचे मूळ नायट्रोसेल्युलोज, आणि ते कापसाच्या आखूड तंतूंपासून करता येते. तेव्हा मोटारीच्या चकाकीतही कापूस आहेच. पण हा रंग चांगला बसायला फवारणीचे यंत्र, कॉम्प्रेसर, कोरडी हवा आणि सरावाचा हात लागतो. पावसाळी हवेत तो धुरकटतो. घरच्या अंगणात, रोलरने, तो नको.

दुसरा प्रकार हार्डनर मिसळून देतात तो पीयू रंग. चकाकी आणि टिकाऊपणा यांत तो सर्वांत वरचा. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारताना ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. जिथे मुले खेळतात, शेजारी राहतात, त्या गल्लीत हा रंग फवारू नये. आपल्या गॅरेजमधली पोरे तो रुमाल बांधून फवारतात, याची खंत गॅरेजमालकांनी जरूर करावी.

उरला साधा सिंथेटिक इनॅमल. लोखंडी खिडक्या-दारांना देतो तोच. लोक हसतील, मीही हसलो होतो. पण मुंबई-आग्रा रस्त्यावर उभे राहून येणारे-जाणारे ट्रक पाहावेत. त्यांच्या लाकडी-लोखंडी बॉडीवरचे कितीतरी रंगकाम ब्रशने, इनॅमलनेच केलेले असते आणि ऊन-पाऊस खात वर्षानुवर्षे चालते. कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगाची सर त्याला येत नाही, काही वर्षांनी तो फिका पडतो, हे कबूल. पण खरचटले तर त्याच डब्यातून दुरुस्त करता येतो.

आता कामाचा क्रम सांगतो. आधी गाडी साबणाने दोनदा धुतली. मेण, तेल, पॉलिशचा अंश राहिला तर रंग तिथे थारा धरत नाही. मग बंपर, दिवे, नंबरपट्टी, आरसे, जे जे निघते ते काढले. जे निघत नाही त्यावर चिकटपट्टी आणि जुने कागद लावले. मग गंज. तारेचा ब्रश आणि जाड पॉलिश पेपर घेऊन चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासले. जिथे फोड होते तिथे टोचून पाहिले. दोन ठिकाणी टोच्या आरपार गेला.

इथे घरच्या कामाची हद्द संपते. भोकावर पुट्टी भरता येते, पण ती टिकत नाही. मागून ओल येते, गंज आत वाढत राहतो आणि एका पावसाळ्यात पुट्टीचा पोपडा निघतो. मी गाडी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग डेंटरकडे नेली. त्यांनी कुजलेला भाग कापून काढला, नवा पत्रा वेल्डिंगने जोडला, दोन पोचे ठोकून सरळ केले. अडीच हजार म्हणाले. सवयीने मी दोन हजार म्हणणार होतो. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो.

उघड्या पत्र्यावर गंज मारण्याचे औषध लावले, वाळू दिले, मग पुट्टी. पुट्टी हार्डनर घालून थोडी थोडी कालवावी, कारण दहा-पंधरा मिनिटांत ती दगड होते. पातळ थर द्यावा, वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासावा. नुसत्या बोटांनी घासले तर खळगे पडतात. मग पूर्ण गाडी ३२० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी घालून घासली. पाणी घालणे केवळ सफाईसाठी नव्हे. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली, पण जुन्या गाडीच्या अंगावरच्या थरांची हमी कोण देणार? कोरडे घासले तर ती धूळ मुलांच्या पोटात जाते. म्हणून ओले घासावे, मुलांना लांब ठेवावे, पाणी वाहून गेल्यावर जागा धुवावी. उघड्या पत्र्याला आणि पुट्टीला रेड ऑक्साइडचे अस्तर दिले. अस्तराचे महत्त्व कापडवाल्याला काय सांगावे? ते वाळल्यावर पुन्हा ४०० नंबरने घासले.

या एवढ्या कामाला मला सतरा रात्री लागल्या. दुकान बंद केल्यावर रोज दोन तास. पहिल्या आठवड्यात बोटांची टोके सोलली, खांदा धरला. आणि सतरा रात्रींनंतर गाडी पूर्वीपेक्षा वाईट दिसत होती: तांबडी, करडी, पांढरी, ठिगळांची. शेजारी येऊन विचारायचे, "सेठ, हे काय करून बसलात?"

नंतर रंग. पांढरा इनॅमल मिनरल टर्पेंटाइनने दुधासारखा पातळ केला आणि चार इंची फोमच्या रोलरने पहिला हात दिला. पहिला हात पारदर्शक दिसतो, घाबरून दाट रंग लावू नये. दाट लावला की ओघळ येतात. मी सोमवारी रात्री तो दिला आणि सकाळी पाहतो तो गाडीवर मखमल उगवलेली. आमच्या गावाची हवा आपणास ठाऊक आहे. रात्रंदिवस माग चालतात, कापसाचा फुफाटा हवेत तरंगतो, तो सारा ओल्या रंगावर येऊन बसला. तो थर घासून काढावा लागला.

तेव्हा लक्षात आले की मालेगावात रंगाचा वार एकच, शुक्रवार. त्या दिवशी माग बंद असतात, हवा खाली बसते. सकाळी लवकर जमिनीवर पाणी मारायचे, गाडी ओल्या फडक्याने पुसायची, वाळली की एक हात. मग आंघोळ, नमाज, जेवण. सायंकाळी दुसरा हात. शनिवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत रंग वाळू द्यायचा आणि शेवटच्या दोन रात्री ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या हाताने घासायचे. असे तीन शुक्रवार, सहा हात. शेवटी १,००० आणि १,५०० नंबरने घासून रबिंग आणि पॉलिश, पण तेही महिनाभर थांबून, कारण इनॅमल वरून वाळला तरी आतून कडक व्हायला आठवडे घेतो. हंगामही पाहावा. दिवाळीनंतर माघापर्यंतची कोरडी, थंड हवा चांगली. वैशाखाच्या उन्हात रंग रोलरवरच सुकतो, पावसाळ्यात वाळतच नाही.

पुसायच्या फडक्याबद्दल कापडवाल्याचा सल्ला ऐका. कोऱ्या कापडाचे फडके वापरू नये. त्यात खळ असते आणि तंतू सुटतात. अनेकदा धुतलेली जुनी मलमल किंवा धोतराचा तुकडा उत्तम. आणि एक धोक्याची सूचना. इनॅमल आणि टर्पेंटाइनने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. असा रंग हवेशी संयोग पावून वाळतो, त्यात उष्णता निघते, आणि बोळ्यात ती कोंडली तर फडके आपोआप पेटू शकते. ज्यांच्या घराच्या एका भागात कापडाचे गठ्ठे असतात त्यांनी हे पाटीवर लिहून ठेवावे. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

आता हिशेब. पॉलिश आणि वॉटर पेपर ६२०, पुट्टी ३८०, गंजाचे औषध आणि तारेचा ब्रश २७०, अस्तर ३४०, इनॅमल ७२०, टर्पेंटाइन ३००, रोलर आणि ब्रश ४२०, चिकटपट्टी ३००, रबिंग-पॉलिश ३५०, मास्क, हातमोजे, चष्मा ३००. एकूण ४,०००. डेंटरचे २,५००. सारे मिळून ६,५००. म्हणजे २१,५०० रुपये वाचले, असे मी मुलाला अभिमानाने सांगितले. त्याने विचारले, "अब्बा, तुमच्या रात्री कुठे धरल्या?"

तो प्रश्न मला पुरून उरला. वहीत रंगाचे ७२० आहेत, चार हजारांतही पाचवा हिस्सा नाही. गॅरेजवाल्याच्या २८,००० मध्येही रंग थोडा आणि घासणे फार. महाग असते ते घासणे. घरी काम करून आपण रंग स्वस्तात आणत नाही. मजुरी आपल्या अंगावर घेतो. ज्याची घासायची तयारी आहे त्याने जरूर घरी करावे. ज्याची नाही त्याने गॅरेजला पूर्ण पैसे द्यावेत. मधला रस्ता, म्हणजे कारागिराला निम्म्यावर आणून काम करून घेणे, हा सगळ्यांत महाग. आठ हजारांत गाडी रंगवून देणारा कारागीर चोर नसतो. आपण त्याच्या घासण्याचे पैसे कापलेले असतात, म्हणून तो घासणे कापतो. गंजावर पुट्टी, पुट्टीवर रंग, आणि वर्षाने आपण म्हणतो, हल्लीच्या कारागिरांत इमान राहिले नाही.

मी डेंटरला दोन हजार म्हणणार होतो ना? तोवर तीन रात्री गंज घासून माझी बोटे सोलली होती. त्यांच्या हातांकडे लक्ष गेले, आणि शब्द घशातच राहिला. अडीच हजार मोजून दिले. पण गोष्ट तिथे थांबत नाही. आमच्या कापडाच्या धंद्यात मागवाल्याचा तागा आला की आम्ही टेबलावर पसरतो, एखादा तुटका धागा दिसला की भाव कापतो. कधी तो दोष मोठा असतो, कधी आम्हाला नुसते निमित्त हवे असते. त्या थंडीत माझ्या टेबलावर जे तागे आले त्यांत निमित्तासाठी कापलेला एकही रुपया नाही, एवढे मी वही उघडून दाखवू शकतो. आधीच्या वर्षांबद्दल तसे म्हणता येणार नाही, आणि ते मला सलते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. खिशात छोटे लोहचुंबक, कागदात गुंडाळून, ठेवावे. पत्र्यावर ते चिकटते, जाड पुट्टीवर चिकटत नाही. दारांच्या खाली, चाकांच्या कमानीवर फिरवून पाहावे. आणि विकणाऱ्याने चुंबकाची वाट न पाहता स्वतःच सांगावे की इथे पत्रा जोडला आहे, इथे पुट्टी आहे. किंमत हजार-दोन हजारांनी उतरेल, पण तोच माणूस उद्या कापड घ्यायला येईल.

व्हॅन अजून चालते. जवळून पाहिले तर छपरावर रोलरचे बारीक दाणे दिसतात, सरकत्या दारावर एक ओघळ आहे, तो मी घासून काढलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात काढीन. सूतवाल्याचा माल पुन्हा उधारीवर येतो. मागे तो स्वतः आला होता, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सेठ, कोणत्या गॅरेजला दिली होती?" मी त्याला बोटे दाखवली.